हौशी विमानांचे भाग आणि मे महिन्याचे ऊन

संपादक महोदय,

हौशी बांधणीच्या विमानांसाठी सुटे भाग बनवू पाहणाऱ्या वडोदऱ्यातील इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना काही सुचवावेसे वाटते. हवेचा विरोध कमी करून वेग वाढवणारी चाकांची आवरणे थ्रीडी प्रिंटरवर पीएलएची काढू नयेत. हे प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि मे महिन्यात आपल्याकडे उन्हात उभ्या विमानाचा पृष्ठभाग तेवढा सहज तापतो. साच्यासाठी ठीक, प्रत्यक्ष भाग मात्र काचतंतू आणि इपॉक्सीचा, वरून पांढरा रंग. टायरभोवती फट फारच कमी ठेवली, तर पावसाळ्यात मातीच्या धावपट्टीवरचा चिखल आत बसून चाक अडते. व्हॉर्टेक्स जनरेटर, म्हणजे हवा पंखाला धरून वाहावी म्हणून लावायच्या छोट्या उभ्या पट्ट्या, चिकटवण्याआधी पंखावर लोकरीचे धागे लावून हवा पंखापासून नेमकी कुठे सुटते ते पाहावे. एलेरॉनच्या, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखावरील हलत्या झडपेच्या, मागच्या कडेला काहीही जोडले, अगदी रंगाचा जादा थरसुद्धा, तरी त्याचा तोल पुन्हा तपासलाच पाहिजे. नाहीतर फ्लटरने, म्हणजे हवेमुळे वाढत जाणाऱ्या थरथरीने, एलेरॉनच काय, पंखही तुटू शकतो. 'वेग वाढला' असे जाहीर करण्यापूर्वी, भाग लावण्याआधी आणि नंतर, एकाच उंचीवर तीन दिशांना उडून जीपीएसचे आकडे घ्यावेत. एकाच दिशेला उडाल्यास पाठच्या वाऱ्याचे श्रेय आवरणाला मिळते. माहितीपत्रकात बहुधा तोच आकडा छापला जातो.

एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा