जळगावच्या डॉक्टरसाहेबांस, रावेर तालुक्यातून

आदरणीय डॉक्टरसाहेब,
सादर नमस्कार.

माझ्या यजमानांना हिपॅटायटिस बी हा लिव्हरचा विषाणूजन्य आजार असल्याचे एका रक्तदान शिबिरानंतर कळले. तेव्हा ते केळीचे घड खांद्यावरून वाहत होते, भूक उत्तम होती, कावीळ कधी झालेली नव्हती आणि लिव्हरची सूज दाखवणारे रक्तातले एसजीपीटीही नॉर्मल होते. त्या एका नॉर्मल आकड्यावर आधीच्या डॉक्टरांनी ‘हे नुसते वाहक आहेत, काही करायला नको’ असे सांगून वर्षानुवर्षे आमची बोळवण केली. तिथल्या कंपाउंडरने मात्र त्यांचे ताट-वाटी वेगळे ठेवायला लावले. करायच्या तपासण्या राहिल्या आणि नको ते भय घरात शिरले, याचा राग अजूनही जात नाही.

आपण एसजीपीटीवर थांबला नाहीत. रक्तातील विषाणूचे प्रमाण मोजायला लावलेत, फायब्रोस्कॅन करवलेत, आणि धडधाकट दिसणाऱ्या माणसाचे लिव्हर आतून कडक होऊ लागले आहे हे वेळेवर ओळखलेत. बरीच हानी होईपर्यंत लिव्हर तक्रार करत नाही, हेही आम्हाला तेव्हाच समजले. आता ते रोज टेनोफोविरची गोळी घेतात, आणि कॅन्सरची चाहूल लवकर लागावी म्हणून दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी होते.

पण मला सर्वांत जास्त आठवते ते वेगळेच आहे. सासूबाईंचा रिपोर्टही पॉझिटिव्ह आला. जन्माच्या वेळी आईकडून लागण झाली तर १० पैकी सुमारे ९ बाळांत ती कायमची राहते, हे कानावर पडल्यापासून त्यांनी पीठ मळणेसुद्धा सोडले होते. आपल्या हातूनच मुलाला हे लागले, एवढेच त्या बोलत. आपण त्यांना म्हणालात, “आजी, पुढच्या खेपेला तुमच्या हातची कळण्याची भाकरी आणा.” त्यांनी ती भीत भीत आणली. ओपीडी संपल्यावर आपण आमच्यासमोर बसून ती ठेच्याबरोबर पोटभर खाल्लीत, आणि हा आजार जेवणातून पसरत नाही, त्या काळी गावात नवजात बाळाला २४ तासांच्या आत द्यायची या आजाराची लस नव्हती, यात तुमचा काय दोष, असे त्यांना सांगितलेत. घरी परतल्यावर सासूबाईंनी यजमानांचे वेगळे ताट स्वतः उचलून सर्वांच्या ताटांत ठेवले.

पेशंटच्या म्हाताऱ्या आईचे मन जपण्याची फी कोणी घेत नाही, आणि त्यासाठी वेळ काढणारी माणसेही फार भेटत नाहीत. आपल्यासारखी माणसे जिल्ह्यात आहेत हे सर्वांना कळावे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

धाकट्या दिरांचीही तपासणी पॉझिटिव्ह आली आहे. आपल्याला काहीच होत नाही म्हणून ते यायला तयार नव्हते; सासूबाईंनीच त्यांची समजूत घातली. येत्या सोमवारी त्यांना घेऊन येत आहोत. त्यांचेही एसजीपीटी नॉर्मल आहे, तरी पुढच्या सर्व तपासण्या कराव्यात, ही विनंती.

आपली ऋणी,
एका केळी उत्पादकाची पत्नी