नंदा तळ्याचं निमंत्रण

मडगाव, नोव्हेंबर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. "ठाण्याची खाडी दारात असताना मी कुडचड्याचं डबकं बघायला येऊ?" हा टोमणाही पोचला. आता उत्तर ऐक.

तुमची खाडी साडेसहा हजार हेक्टरांची, आमचं नंदा तळं अवघं ४२ हेक्टरांचं. पण २०२२ साली रामसरच्या, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत दोघांचीही नावं लागली, आणि गोव्यातून तिथं जाणारं हे पहिलंच. कुडचडे म्हटलं की तुला खनिजाचे ट्रक आणि बार्जच आठवणार, म्हणून मुद्दाम सांगतोय.

जुवारी नदीच्या एका उपनदीला लागून असलेली ही गोड्या पाण्याची पाणथळ जागा. पाऊस सरला की गावकरी पाणी साठवतात, त्यावर खालच्या अंगाला भात पिकतं, तळ्यात मासेमारी चालते. संरक्षित म्हटल्यावर कुंपण आणि तिकीटखिडकी डोळ्यांपुढे येते ना? इथला प्रकार वेगळा. पाण्याची गरज शेताला आहे, म्हणूनच ते टिकलं असं माझं मत. यादीत नाव लागलं म्हणजे भराव घालणाऱ्यांना चाप बसतो हे खरं, पण उद्या कोणी भातच लावलं नाही तर पाणी अडवायची उठाठेव कोण करणार? मला भीती आहे ती याची.

पक्षी म्हणशील तर अडई, शराटी, पाणकावळे, वर ब्राह्मणी घारी. तुझी फ्लेमिंगोंची गर्दी इथं नाही. मी मात्र कमळपक्ष्यापाशी अडकतो. कांस्यपंखी कमळपक्षी पानावर पाय टाकतो तेव्हा लांबच लांब बोटं फाकतात, पान जरासं दबतं, कडेनं पाणी आत येतं, तोवर स्वारी पुढच्या पानावर! यांच्यात अंडी उबवायची आणि पिल्लं सांभाळायची ती नरानं. मादी तोवर दुसरा घरोबा करून मोकळी. वहिनींना हे वाचून दाखव, खूश होतील.

तेव्हा नाताळात ये. मडगावहून कुळ्याकडची गाडी धरायची, सावर्डे-कुडचडे स्टेशनवर उतरायचं. पहाटे निघू, ऊन चढलं की पक्षी झाडोऱ्यात शिरतात. येताना दुर्बीण आठवणीनं आण, माझ्या दुर्बिणीत बुरशी धरलीय. आणि हो, परतताना बाजारातून मासळी घ्यायचीच, तेव्हा तुझे ते उपासाचे वार आधी कळव.

तुझा,
विनायक