बोट बरं आहे, काळजी करू नका

आई, अण्णा, नमस्कार.

व्हिडिओ कॉलवर पट्टी दिसल्यापासून आई नीट जेवंना म्हणून ताई सांगत होती. आई, बोट मोडलेलं नाही, सॉफ्टबॉल खेळताना मुरगळलंय फक्त, डॉक्टरला दाखवलंय, सूज बी उतरली, रोज ऑफिसला जायलोय. आणि अण्णा, "खेळायला गेलास का तिकडं" म्हणलात ते लागलं जरा. काम सोडून नाही खेळत ओ, दर गुरुवारी ऑफिस सुटल्यावर, उन्हाळ्यात इथं शिकागोत आठपर्यंत उजेड असतो.

आपल्या शाळेतली पोरं हातमोजा घालून 12 इंच घेराच्या बॉलनं सॉफ्टबॉल खेळायची, ते वेगळं. शिकागोत बॉल 16 इंची आणि हातमोजा कुणीच घालत नाही, फिल्डिंगचे 10 च्या 10 जण उघड्या हातानं! हा खेळ निघालाच इथं, 1887 ला होड्या चालवणाऱ्यांच्या एका क्लबात, बॉक्सिंगचा ग्लोव्ह बांधून बॉल केला न् झाडूच्या दांड्यानं हाणला. नवा बॉल कडक असतो, मार खाऊन खाऊन मऊ पडतो, म्हणून बोटं जायची ती सुरुवातीलाच जातात, माझं बी तेव्हाच गेलं. जुने लोक बॉल छातीशी येऊ देतात न् दोन्ही हातानं कवटाळतात. आमचे स्कोर लिहिणारे आजोबा त्यांची वाकडी बोटं सगळ्यांना कौतुकानं दाखवतात.

तुम्ही म्हणता तिकडं आपलं कोण आहे. आलो तेव्हा खरंच कोणी नव्हतं, शेजारच्याचं नाव बी माहीत नव्हतं. आता बघा, बोट बांधलं ते आमच्या पिचरनं, म्हणजे बॉल टाकणारीनं, ती नर्स आहे, मागच्याच गल्लीत राहते. मॅच संपली तरी कोणी हलत नाही, डबे उघडतात, येळवशीच्या सणाला आपण वाटेनं जाणाऱ्याला हात धरून जेवायला बसवतो ना, अगदी तसं. आईची शेंगाचटणी तिथंच संपली, दोघांनी तर बोटानं बरणी पुसून खाल्ली, तिखट लागून डोळ्याला पाणी आलं तरी. ते आजोबा एकटेच असतात, मग बर्फ पडला की त्यांचं दार साफ करायला टीममधल्यांनी पाळ्या लावल्यात, माझी बी असते. त्यांच्या दारात फावडं मारताना अण्णांचा गुडघा आठवतो, दवाखान्यात न्यायला मात्र दादा एकटाच पळतो.

बोअरच्या हप्त्याचे पैसे टाकलेत, गुडघ्याच्या एक्स-रेचे वेगळे टाकलेत, ते सोयाबीनच्या फवारणीत घालू नका. निलंग्याच्या स्थळाचा फोटो बघितला. नाही म्हणत नाही आई, पण मुलीला इकडं यायचंय का ते आधी तिलाच विचारू, तिचा नंबर मागून घ्या, मग बैठकीचं बघू. महालक्ष्म्याला येणं जमत नाही, सुट्टी मिळंना. दिवाळीचं तिकीट बघायलोय पण लई महाग आहे, पक्कं होईपर्यंत आत्याला काही बोलू नका.

तुमचा,
बबलू