परदेशात विनिमय विद्यार्थ्यांना भेटू इच्छिणाऱ्या सदस्यांसाठी सूचना

सर्व सदस्यांस नमस्कार.

येत्या सुट्टीत युरोपात जाणाऱ्या ज्या सदस्यांना, पूर्वी आपल्या घरी राहून गेलेल्या विनिमय विद्यार्थ्यांना भेटायचे आहे, त्यांनी आपल्या तारखा व प्रवासमार्ग रविवारी सायंकाळी 6 वाजेपर्यंत समन्वयकांकडे लेखी कळवावा. विद्यार्थ्यांची संमती मिळाल्याशिवाय त्यांचा पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक कोणालाही दिला जाणार नाही.

१. शेंगेन व्हिसाचा (युरोपातील बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो व किमान 15 दिवस आधी करावा लागतो. वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोंचा हवा.

२. मुक्काम त्या विद्यार्थ्यांच्याच घरी असेल, तर यजमानाचे निमंत्रणपत्र जोडावे लागते. फ्रान्समध्ये हे पत्र यजमानाला स्वतः नगरपालिकेत जाऊन प्रमाणित करून घ्यावे लागते, त्यामुळे ऐन वेळी त्यांना धावपळ करायला लावू नये.

शाळकरी वयात आलेली ही मुले आता नोकरी-संसारात आहेत, तेव्हा एका संध्याकाळची भेट ठरवणेच बरे. मुक्कामाचा आग्रह त्यांच्याकडून येऊ द्यावा. भेटवस्तूंपेक्षा जुनी छायाचित्रे न्यावीत. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने केलेली उंचीची खूण अजून पुसली गेली नसेल, तर तिचाही फोटो अवश्य घ्यावा.

– समन्वयक