‘सी’च्या प्रात्यक्षिकात मुलांना तुटका डेटा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेली १८ वर्षे मी रत्नागिरीत घरी संध्याकाळी ‘सी’ या संगणकाच्या भाषेच्या शिकवण्या घेते. डिप्लोमाची आणि बीएस्सीची मुले येतात. माझ्या भावाची बोट मिरकरवाडा बंदरात असते. माझी शिकवणी आणि त्याची मासेमारी यांची कधी गाठ पडेल असे वाटले नव्हते. यंदा नारळी पौर्णिमेनंतर ती पडली, म्हणून हे पत्र.

आमच्या वाडीतल्या डिप्लोमाच्या मुलाने प्रोजेक्ट म्हणून एक प्रोग्रॅम लिहिला होता. बोटीवरच्या जीपीएसची वायर लॅपटॉपला जोडायची आणि जाळे टाकले ती जागा नोंदवून ठेवायची. घरी त्याने तो साठवलेल्या फाइलवर चालवून पाहिला, एकही चूक नाही. कॉलेजात गुणही चांगले मिळाले. बोट बाहेर पडली आणि दोन दिवसांनी परत आल्यावर भाऊ लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. “ताई, ही जागा आमची नाही.” नोंदीत बोट चक्क मालदीवच्या उत्तर टोकाजवळ होती.

प्रोग्रॅमने जीपीएसकडून केलेल्या प्रत्येक वाचनात काय हाती आले तेही त्या मुलाने लिहून ठेवले होते, हे फार बरे केले. त्यावरूनच चूक सापडली. जीपीएस एनएमईए ०१८३ या ठरलेल्या पद्धतीने एकेक ओळ पाठवतो. सुरुवातीला डॉलरचे चिन्ह, मग स्वल्पविरामांनी वेगळे केलेले आकडे, फुलीनंतर (*) तपासणीचे दोन अंक आणि शेवटी ओळ संपल्याची खूण. एक ओळ जास्तीत जास्त ८२ अक्षरांची. वेग सेकंदाला ४८०० बिट, म्हणजे साधारण ४८० अक्षरे. पूर्ण ओळ यायला सेकंदाचा सहावा हिस्सा लागू शकतो, आणि तेवढ्यात संगणक कितीतरी वेळा “काही आले का?” म्हणून विचारून मोकळा होतो. त्या रात्री एका वाचनाचा शेवट ‘१’ या अंकावर झाला होता आणि पुढचे वाचन ‘६५९.४१’ पासून सुरू झाले होते. खरा आकडा १६५९.४१, म्हणजे १६ अंश ५९.४१ मिनिटे, आपल्या रत्नागिरीसमोरचा समुद्र. प्रोग्रॅमने उत्तर दिशेच्या ‘एन’ अक्षराआधीचा आकडा उचलला आणि ६ अंश ५९.४१ मिनिटे धरले. एक अंक मागे राहिला आणि बोट दहा अंश दक्षिणेला गेली.

मुलाने ‘रीड’ला, म्हणजे आलेला डेटा वाचून देणाऱ्या फंक्शनला, १०० अक्षरे मागितली आणि जे मिळाले तीच एक पूर्ण ओळ असे मानले. पण ‘रीड’ तसे वचन देत नाही. मागितले तेवढे किंवा त्याहून कमी देते, आणि किती दिले तो आकडा परत करते. तो आकडा बघायलाच हवा. कधी अर्धी ओळ येते, कधी दीड ओळ. जाळ्यात मासळी क्रेट मोजून येते का? सगळा ढीग जेटीवर ओतायचा, क्रेट भरत जायचे, भरला तो लिलावाला आणि अर्धा राहिला तो पुढच्या ढिगासाठी ठेवायचा. बफर, म्हणजे आलेली अक्षरे तात्पुरती ठेवायची जागा, हेच करतो. आलेली अक्षरे आधीच्या शिलकीच्या पुढे जोडायची, ओळ संपल्याची खूण शोधायची, सापडली तर तेवढी ओळ कामाला द्यायची आणि उरलेले ‘मेममूव्ह’ या अक्षरे सरकवणाऱ्या फंक्शनने बफरच्या सुरुवातीला आणायचे. एका वाचनात दोन ओळी आल्या असतील, म्हणून खूण सापडत राहील तोवर हे पुन्हा करायचे. ८२ अक्षरे उलटूनही खूण नाही तर ते टाकून द्यायचे आणि पुढच्या डॉलरच्या चिन्हाची वाट पाहायची. मग डॉलर आणि फुली यांच्यामधल्या सगळ्या अक्षरांचा एक्सॉर (बिटांची एक साधी आकडेमोड) काढून तपासणीच्या अंकांशी ताडायचा. जुळला नाही तर ती जागा नोंदवायचीच नाही. आम्ही दोघांनी बसून एका रविवारी हे लिहिले, जेमतेम साठेक ओळी झाल्या.

माझी तक्रार त्या मुलाबद्दल मुळीच नाही. त्याला हे कोणी दाखवलेच नव्हते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या वह्यांत अजूनही ओळ वाचणारे ‘गेट्स’ असते. हे फंक्शन बफर केवढा आहे ते बघतच नाही. १९८८ साली मॉरिस वर्म या स्वतःहून पसरणाऱ्या घातक प्रोग्रॅमने त्याच भोकातून संगणकांत शिरकाव केला आणि ‘सी’ भाषेच्या २०११च्या प्रमाणकातून ‘गेट्स’ काढून टाकले. तरी आपण मुलांना तेच घोकायला लावतो, हे पाहून मला फार वाईट वाटते. सॉकेटच्या, म्हणजे दोन प्रोग्रॅमनी नेटवर्कवरून एकमेकांशी बोलण्याच्या, प्रात्यक्षिकातही तेच. दोन्ही प्रोग्रॅम एकाच संगणकावर, इकडून एक छोटा संदेश पाठवला की तिकडे अख्खा मिळतो. मूल समजते, एकदा पाठवले की एकदाच मिळणार. टीसीपी, म्हणजे नेटवर्कवर डेटा पाठवायची ठरलेली पद्धत, अक्षरांचा क्रम राखते, संदेशांच्या सीमा राखत नाही. हे वाक्य पाठ करून कळत नाही, डेटा तुटलेला पाहिला की कळते.

म्हणून जिल्ह्यातल्या कॉलेजांना आणि परीक्षकांना कळकळीची विनंती आहे. प्रोजेक्ट तपासताना डेटा मुद्दाम तोडून द्या. एकेक अक्षर पाठवा. मग दोन ओळी एकदम पाठवा. एकीचे तपासणीचे अंक चुकीचे ठेवा, एक ओळ न संपवता सोडून द्या. वायर मध्येच काढून पुन्हा लावा. यासाठी महागडी प्रयोगशाळा नको, दोन संगणक आणि एक सिरियल केबल पुरे.

त्या दोन दिवसांचा कच्चा डेटा मी जपून ठेवला आहे, तुटलेल्या ओळींसकट. भावाची परवानगी आहे. ज्या शिक्षकांना वर्गात वापरायचा असेल त्यांना तो आनंदाने देईन.

आपली,
एक शिक्षिका, रत्नागिरी