पुनर्नवेच्या शेतापुढे ‘पडीत’: मा. कृषिमंत्र्यांस खुले पत्र

प्रति,
मा. कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

काटोल तालुक्यात माझी पावणेतीन एकर बरड जमीन आहे. वीतभर मुरूम बाजूला केला की खाली काळा दगड लागतो. विहीर नाही, आणि बोअर मारण्याची माझी इच्छाही नाही, कारण संत्र्याच्या बागा जगवण्यासाठी आमच्या भागात इतक्या बोअर झाल्या आहेत की आणखी एक मारून मी शेजाऱ्याचेच पाणी ओढून घेईन. या जमिनीतल्या पाऊण एकरात मी चार वर्षांपासून पुनर्नवा घेते; तणासारखी दिसणारी ही औषधी वनस्पती मुळांसाठी विकली जाते. गेल्या वर्षी सातबारा काढला, तेव्हा पीकपाहणीत त्या तुकड्यापुढे ‘पडीत’ अशी नोंद होती. विचारल्यावर कळले की तिथे तणाशिवाय काहीच दिसले नाही, म्हणून तसे लिहिले गेले. नोंद करणाऱ्यावर माझा राग नाही. पुनर्नवा कशी दिसते हे त्याला आजवर कोणी दाखवलेच नसेल, तर त्याने दुसरे काय लिहावे? ती ओळख शिकवण्याची सोय आपल्या खात्याने करावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी नागपुरात सव्वीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. वनस्पतींची खरी ओळख मात्र मला पुस्तकाने नव्हे, तर माझ्या आत्याने करून दिली. ती दुसऱ्यांच्या वावरात निंदणाला जात असे. पऱ्हाटीच्या ओळीत वाकलेली असताना तिचा हात एका झाडाला उपटायचा आणि शेजारचे सोडून द्यायचा. सोडलेले झाड संध्याकाळी परत येताना ती ओच्यात घालून आणायची. भुईआवळी, माका, आघाडा, दुधी, कंबरमोडी, लव्हाळ्याच्या गाठी, सराट्याचे काटे. कोणते कोवळे घ्यायचे, कोणते फूल आल्यावर, कोणाचे मूळ आणि कोणाचा फक्त पाला, हे सगळे ती पाठ म्हणावे तसे सांगत असे. ती शाळेत गेली नव्हती आणि तिला कोणी वैद्य म्हणत नसे. पण कोणते झाड कोणते, यात तिची चूक झालेली मी पाहिली नाही.

मंत्रिमहोदय, विदर्भातल्या तणांचे ज्ञान निंदणाऱ्या बायांच्या हातांत होते, आणि निंदण थांबले की ते कुठे जाणार याचा विचार कोणी केलेला नाही. आज बहुतेक वावरांत तणनाशक फवारले जाते. निंदण हे पाठ मोडणारे, कमी मजुरीचे काम होते आणि ते पुन्हा बायांच्या माथी यावे असे मी म्हणणार नाही. माझ्या आत्याची कंबर अखेरपर्यंत सरळ झाली नाही, हे मी विसरलेली नाही. परंतु त्या कामाबरोबर दरवर्षी नकळत भरणारी एक शाळाही बंद झाली. आत्याची नात आज त्याच शिवारात राहते, आणि तिला माका व कंबरमोडी यांतला फरक सांगता येत नाही. शिवाय ज्या धुऱ्यावरून पूर्वी निर्धास्तपणे पाला तोडता येई, तिथे आता आदल्या आठवड्यात काय फवारले होते हे विचारावे लागते. औषधी तण वेगळ्या, फवारा न लागलेल्या तुकड्यात मुद्दाम लावण्याचे पहिले कारण तेच आहे.

ओळख चुकली की काय होते, हे मी माझ्याच अनुभवाने सांगते. पुनर्नवेची पहिली काढणी झाली तेव्हा मी साधारण साठ किलो वाळलेली मुळे घेऊन एका व्यापाऱ्याकडे गेले. त्याने मूठभर मुळे हातात घेतली आणि माल मिसळलेला आहे म्हणून परत केला. त्याचे म्हणणे खरे होते. माझ्याकडे कामाला आलेल्या दोघींनी पुनर्नवेबरोबर दुसरे एक झाडही उपटले होते, कारण आमच्या गावात दोघांनाही ‘खापरा’च म्हणतात. एक आहे बोअरहाविया डिफ्यूजा, म्हणजे खरी पुनर्नवा: बहुवर्षायू, जमिनीत खोल गेलेले जाड मूळ, पानाची खालची बाजू फिकी, फांद्यांच्या टोकांना बारीक किरमिजी फुले आणि कपड्याला चिकटणारी फळे. दुसरे आहे ट्रायांथेमा पोर्तुलाकास्ट्रम: एका पावसाळ्याचे, मांसल पानांचे, पानाच्या बेचक्यात एकटे, बिनदेठाचे फूल धरणारे. उभ्या शेतात दोन्ही शेजारी दाखवली तर दहा वर्षांचे मूलही ती वेगळी काढील. वाळून तुकडे झाल्यावर मात्र ती वेगळी काढण्यासाठी जाणकार माणूस किंवा प्रयोगशाळाच लागते. बाजारात या दोन्हींची सरमिसळ जुनी आहे आणि ती दर वेळी लबाडीतूनच होते असे नाही. पुष्कळदा ती दोघांचे नाव एकच असल्यामुळे होते.

यात केवळ पैशाचे नुकसान असते तरी मी हे पत्र कदाचित लिहिले नसते. करोनाच्या साथीत घरोघर गुळवेलीचा काढा होऊ लागला, आणि २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी तो घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. केंद्रीय आयुष मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असल्याचे सांगताना टिनोस्पोरा क्रिस्पा या तिच्यासारख्याच दिसणाऱ्या वेलीशी गल्लत होऊ शकते, याकडे लक्ष वेधले. त्या वेलीच्या खोडावर ठळक गाठी असतात आणि दुधाळ स्राव येतो. गुळवेलीत हे दोन्ही नसते. वैद्यकातला तो वाद सोडवण्याची माझी पात्रता नाही. पण वेल तोडणाऱ्याला या दोन खुणा माहीत असाव्यात, याबद्दल वाद असण्याचे कारण नाही. बावचीचेही तसेच आहे. कोडावर तिचे बी वापरतात हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु ते लावून आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात हिंडले तर कातडी भाजून फोड येतात, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

म्हणून वनौषधी शिकणे म्हणजे कशावर काय चालते याची यादी पाठ करणे, असे मी मानत नाही. झाड ओळखणे, त्याचा कोणता भाग कोणत्या महिन्यात घ्यायचा ते कळणे, ते बुरशी न लागता वाळवता येणे, आणि आपली हद्द कळणे, हे सगळे त्यात आले. साप चावलेल्या माणसाला पाला वाटून देण्यात घालवलेला अर्धा तास त्याचा जीव घेऊ शकतो. त्याला सर्पविषावरील लस असलेल्या दवाखान्यातच न्यावे लागते. कावीळ झालेल्याला भुईआवळी देण्याआधी रक्त तपासायला पाठवावे लागते. माझी आत्या हे आपल्या परीने जाणत होती. ताप तिसऱ्या दिवशी उतरला नाही की ती स्वतःच रोग्याला बैलगाडीत घालून काटोलला पाठवी.

शासन आणि संस्था या विषयावर काहीच करत नाहीत असे मी म्हणत नाही. मी स्वतः दोन दिवसांचे एक प्रशिक्षण घेतले आहे. सभागृहात पडद्यावर पन्नासेक वनस्पतींची चित्रे दाखवली गेली, अनुदानाच्या तरतुदी वाचून दाखवल्या गेल्या, दुसऱ्या दिवशी दुपारी प्रमाणपत्र मिळाले, आणि त्या दोन दिवसांत माझ्या हाताला एकही जिवंत झाड लागले नाही. सफेद मुसळीची लाट आली होती तेव्हा आमच्या भागातल्या काही शेतकऱ्यांनी कर्ज काढून महागडे कंद विकत घेतले, आणि विकायची वेळ आली तेव्हा घेणारा कोणी नव्हता. त्यानंतर ‘औषधी शेती’ हा शब्द काढला तरी गावातली वडीलधारी माणसे उठून जातात. त्यांचा अविश्वास मला योग्य वाटतो. ज्याला बेणे विकायचे आहे तोच शिकवणार असेल, तर त्याच्याकडून खरे ऐकायला मिळणे कठीण आहे.

मी ज्यांच्याबद्दल लिहीत आहे त्या तणांना महागडे बेणे लागत नाही, आणि त्यांची मागणी कोणा विक्रेत्याने उठवलेली नाही. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या पुढाकाराने झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत वर्षाला शंभर टनांहून अधिक खप असलेल्या १७८ वनस्पती आढळल्या होत्या. त्यांपैकी ३६ प्रामुख्याने लागवडीतून येत होत्या, तर ४६ मुख्यतः रस्त्याच्या कडेने आणि पडीत, निकृष्ट जमिनीवरून. ज्या जमिनीला आपण सातबाऱ्यावर ‘पडीत’ म्हणतो, तीच देशाच्या औषधांना लागवडीपेक्षा अधिक प्रकारच्या वनस्पती पुरवत होती. मात्र रस्त्याच्या कडेच्या झाडांवर गाड्यांचा धूर आणि गावाचे सांडपाणी येते, आणि ती कोणी, कधी उपटली याचा मागमूस राहत नाही.

आमच्या जिल्ह्यात वर्षाला हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि बरड जमीन त्यातले फारसे धरून ठेवत नाही. या जमिनीवर कापूस दर तीन वर्षांत एकदा तरी तोंडचे पाणी पळवतो. तरोटा मात्र पेरावाही लागत नाही. पहिल्या पावसानंतर त्याची भाजी आम्ही खातो, आणि पुढे त्याच्या बिया डिंकासाठी परदेशापर्यंत जातात. आस्कंद, म्हणजे अश्वगंधा, मी मोठा पाऊस सरल्यावर ऑगस्टच्या अखेरीस पेरते, कारण तिला साचलेले पाणी अजिबात सोसत नाही आणि मुरमात ते साचत नाही. पाच-सहा महिन्यांत, बोंडे लाल होऊन पाने सुकू लागली की मुळे खणायची. हेक्टरी तीन ते पाच क्विंटल कोरडे मूळ धरले जाते. माझ्याकडे त्याहून कमी येते, कारण थर उथळ आहे आणि मुळे दगडाला लागून वाकडी होतात. हे मूळ विकण्याची मोठी बाजारपेठ मध्य प्रदेशाच्या दुसऱ्या टोकाला, नीमचला आहे. दीड-दोन क्विंटल माल तिथवर नेण्यात काय उरते, याचा हिशेब आपण सहज करू शकाल.

हे सगळे सुधारण्यासाठी नवे महामंडळ किंवा नवी इमारत लागणार नाही. आपले खाते कापूस आणि सोयाबीनसाठी गावोगाव शेतीशाळा घेते. तशीच शेतीशाळा औषधी तणांसाठी नागपूर विभागाच्या निदान एका कोरडवाहू तालुक्यात, जुलै ते फेब्रुवारी असा पूर्ण हंगाम, आठवड्यातून एक दिवस, बांधावर भरवावी. रोप उगवते, फुलते, बी धरते आणि वाळते, या चारही अवस्थांत ते पाहिल्याशिवाय ओळख पक्की होत नाही, आणि दोन दिवसांच्या सभागृहात यांतली एकही अवस्था येत नाही. शिकवणारे इथेच आहेत. नागपुरात महाराजबागेला लागून कृषी महाविद्यालय आहे, सक्करदऱ्याच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात द्रव्यगुण, म्हणजे औषधी द्रव्यांचे शास्त्र, शिकवणारे अध्यापक आहेत, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात नागार्जुन वनौषधी उद्यान आहे. त्यांच्या शेजारी, त्यांच्याइतक्याच मानाने आणि ठरलेल्या मानधनावर, प्रत्येक गावातल्या दोन वयस्क निंदणाऱ्या बायांना शिक्षक म्हणून बसवावे. या मागणीचा मी विशेष आग्रह धरते, कारण बाकी सगळे पुढल्या वर्षी झाले तरी चालेल. या बाया सत्तरी ओलांडलेल्या आहेत.

जैविक विविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक गावाची लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या वनस्पती-प्राण्यांची आणि त्यांच्याविषयी लोकांना असलेल्या माहितीची नोंद, व्हायची असते, आणि त्या कामाचे राज्य मंडळ नागपुरातच आहे. मी पाहिलेल्या एका नोंदवहीत तणांच्या पानावर चार नावे होती. शेतीशाळेत शिकलेल्यांनीच ते पान भरले, तर शिकणे आणि नोंद ही दोन्ही कामे होतील.

त्याबरोबर पीकपाहणीत औषधी वनस्पतींची नोंद त्यांच्या नावाने व्हावी, आणि पाहणी करणाऱ्यांना त्या दाखवल्या जाव्यात. ‘पडीत’ लिहिलेल्या जमिनीवर पीककर्ज मिळत नाही, आणि नुकसान झाले तर पंचनाम्यात दाखवायला हाती काही नसते. नागपूरजवळच्या कळमन्याच्या बाजार समितीत एक ओटा, एक चाळण, एक वजनकाटा आणि आठवड्यातून एकदा येणारा जाणकार एवढी सोय झाली, तरी माझ्यासारख्यांचा माल उघडपणे तपासला जाईल, आणि चार-पाच गावांचा माल एकत्र करून नीमचला एकच गाडी पाठवता येईल.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण डिसेंबरमध्ये नागपुरात असाल. विधानभवनापासून माझे शेत गाडीने सुमारे दीड तासाच्या अंतरावर आहे. त्या दिवसांत तरोटा वाळून गेलेला असतो, पण आस्कंद उभी असते, तिची बोंडे लाल होऊ लागलेली असतात, आणि पुनर्नवेची जुनी खोडे जमिनीलगत सापडतात. सकाळचे दोन तास काढून आपण आलात, तर आत्याच्या वयाच्या दोन बायांना मी बोलावून ठेवीन. पुनर्नवा कोणती आणि तिच्यासारखी दिसणारी दुसरी कोणती, हे त्या आपल्याला बांधावर उभ्या राहून दाखवतील.

कळावे,
आपली विश्वासू,
काटोल तालुक्यातील एक कोरडवाहू शेतकरी,
सध्या मुक्काम नागपूर