पिवळं झालेलं पाणी

लीहाय, युटा
१ डिसेंबर २०२४

ती. बाबा व ती. आईस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

बाबा, मोतीबिंदूमुळे फोनवरची अक्षरं फुटकी दिसतात म्हणालात, म्हणून कागदावर आणि मोठ्या अक्षरात लिहितेय. हे तुम्ही आईला मोठ्याने वाचून दाखवायचं, पण आधी बोळाकडची खिडकी लावून घ्या. पलीकडच्या काकूंचा विषय आहे.

आमच्या शेजारचा धाकटा मुलगा आठवतो ना? २०२२ च्या उन्हाळ्यात तुम्ही इथे होतात, तेव्हा अंगणात तुमच्याशी बुद्धिबळ खेळून तीनदा हरला होता. आई त्याला 'लोण्याचा गोळा' म्हणायची. तो त्यांच्या मॉर्मन पंथाच्या मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला गेला होता, हे मी मागे फोनवर सांगितलं होतं. दोन वर्षांसाठी गेलेला मुलगा आठ महिन्यांत परत आलाय.

त्याच उन्हाळ्यात त्याचा थोरला भाऊ ब्राझीलहून आला, तेव्हा आपण सगळे विमानतळावर गेलो होतो. फुगे, फलक, साठेक माणसं, आणि बाबा, तुम्ही हळूच विचारलंत, "कुणी मंत्री येतोय का?" सॉल्ट लेकचा नवा विमानतळ बांधताना अशा स्वागतांसाठी त्यांनी खास मोठी खोली ठेवली आहे, इतकी ही इथली रोजची गोष्ट. धाकट्याच्या वेळी त्या खोलीत कुणी नव्हतं. रात्री साडेअकराला मला त्यांच्या गॅरेजचा दिवा लागलेला दिसला. वडील एकटेच गाडीतून दोन मोठ्या बॅगा उतरवत होते आणि तो बाजूला उभा होता. काळा कोट, छातीवर मिशनरीच्या नावाची ती काळी पाटी अजून तशीच. वडिलांनी ती बहुतेक पाहिलीच नाही, किंवा पाहून सोडून दिली.

आई, तुला हे मिशन म्हणजे संन्यासासारखं वाटतं, ते फारसं चूक नाही. मुलगे अठराव्या वर्षी जातात, मुली एकोणिसाव्या. मुलांची दोन वर्षं, मुलींचं दीड. कुठे जायचं ते आपण ठरवायचं नाही, सॉल्ट लेकहून पत्र येईल तिकडे. आत्ता असे सत्तर हजारांहून जास्त तरुण जगभर फिरताहेत. पगार नाही, उलट २०२० पासून इथल्या मुलांच्या घरच्यांना महिन्याला ५०० डॉलर भरावे लागतात. सिनेमा नाही, मैत्रीण नाही, सुट्टीला घरी येणं नाही. आजी-आजोबा गेले तरी बहुतेक मुलं तिथेच राहतात. नेहमी जोडीने राहायचं, जोडीदारही वरचेच ठरवणार आणि काही आठवड्यांनी बदलणार. आणि अठरा वर्षांच्या पोराला म्हणायचं काय, तर 'एल्डर', म्हणजे वडीलधारा! मिसरूड फुटायच्या आत वडीलधारे. (त्यांना 'मॉर्मन' म्हटलेलं हल्ली आवडत नाही, २०१८ पासून त्यांचे अध्यक्षच तसं सांगतात. पण पंथाचं पूर्ण नाव इतकं लांब आहे की शेजारीणसुद्धा घाईत अर्धंच घेते. ते अध्यक्ष सप्टेंबरात शंभर वर्षांचे झाले. आई, तुझ्या गुडघ्याला हे ऐकव.)

त्याचं पत्र आलं तेव्हा आम्हालाही बोलावलं होतं. भिंतीवर जगाचा नकाशा, प्रत्येकाने अंदाजाने टाचणी टोचायची. मी पेरूत टोचली. निघालं फिलिपिन्स, क्वेझॉन सिटी. त्याची आई आनंदाने ओरडली आणि लगेच स्वयंपाकघरात गेली. मी मागून गेले, तर ओट्याशी पाठमोरी उभी होती. आई, मला त्या पाठीवरून तू आठवलीस. माझी पुण्याची ट्रंक भरताना तू अशीच कपाटाकडे तोंड करून उभी होतीस.

इथल्या प्रोवो गावात तिकडची तागालोग भाषा थोडी शिकवून त्यांनी त्याला फेब्रुवारीत पाठवलं. पूर्वी वर्षाला दोनच फोन, नाताळला आणि मदर्स डेला. २०१९ पासून आठवड्याला एक करता येतो. तिथे सोमवार सकाळ, कपडे धुण्याचा आणि बाजारहाटाचा वार, म्हणजे इथे रविवारची संध्याकाळ. रविवारी सहा वाजता शेजारीण कुणाच्या हाताला लागायची नाही. एकदा मी नेमकी वाटी परत द्यायला गेले, तर तिने मला स्क्रीनसमोर ओढलं. तो सांगत होता, तिथे दाराची कडी वाजवायची नाही. फाटकाबाहेर उभं राहून हाक द्यायची, "ताओ पो!" ताओ म्हणजे माणूस, आणि पो आपल्या 'जी'सारखं. माणूस आलाय जी! मला इतकं आवडलं की पुढचे चार दिवस मी ऑफिसात मीटिंगला शिरताना तेच म्हणत होते.

लोकांनी दारं लावून घेतली असती तर ते मला समजलं असतं. पण तिथली माणसं फार मायाळू. ऊन आहे, आत या, भात खाऊन जा. पुढे पुढे त्याला ती हाकच मारता येईना. फाटकापाशी गेला की छातीत धडधड, हातांना मुंग्या. जोडीदार हाक द्यायचा आणि हा मागे उभा. मग रात्रीची झोप गेली. मग जेवण. तिथल्या प्रमुखांनी समुपदेशकाशी फोनवर बोलणं करून दिलं, दोन महिने थांबून पाहिलं आणि शेवटी सन्मानाने मोकळं केलं. कागदावर तसंच लिहिलंय, सन्मानाने. तरी परत आलेली मुलं चर्चमध्ये सगळ्यांसमोर भाषण करतात, ते याने करायला नको म्हटलं.

मला हा सगळा प्रकार पटतो असं समजू नका. अठराव्या वर्षी दुसऱ्याला त्याचा देव समजावायला जायचं म्हणजे काय! बाबा, तुम्हाला एक गंमत सांगते. १८५२ साली यांचा ह्यू फिंडले नावाचा मिशनरी मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यालाही गेला. तीनेक वर्षं खपून मूठभर माणसं मिळाली. हे मी शेजाऱ्यांना सांगितलं, तर शेजारी म्हणाले, तो चिकाटीचा होता. नंतर त्यांना आपल्याच शब्दाचं वाईट वाटलं असावं, कारण मुलगा शेजारच्या खोलीतच होता.

गेल्या मंगळवारी शेजारीण आली. ती चहा-कॉफी घेत नाही, पण गवती चहा चालतो, त्यात चहापत्ती नसते. कप हातात धरून बराच वेळ बसली आणि मग म्हणाली, "लोकांना काय सांगू? सगळे विचारतात, परत कधी जाणार. तब्येतीचं म्हटलं की म्हणतात, कसली तब्येत. हात मोडला असता तर बरं झालं असतं, दाखवता आलं असतं."

आई, मी हसले. हसू नये अशा वेळी हसले. आणि मग तिला ती कावीळ सांगितली.

आपल्या घरात आपण कधीच ते बोललो नाही, म्हणून मला जसं आठवतं तसं लिहिते. १९९८. ऑगस्टात मी पुण्याला इंजिनिअरिंगला गेले. आपल्या बोळातली पहिली मुलगी. बाबांनी हायस्कूलमध्ये पेढे वाटले होते. कुणी मला छळलं नाही, रॅगिंग झालं नाही, मुलीही चांगल्या होत्या. मला प्रयोगशाळेच्या दारातून आत जाता येईना, एवढंच. दारापाशी धडधड व्हायची आणि मी उलट फिरून हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन बसायचे. रात्री दर उतरल्यावर एसटीडी बूथवरून फोन करायचे, तोही काकूंकडचा पीपी नंबर. काकू दारात उभ्या असणार म्हणून तू नुसतं "बरी आहेस ना?" विचारायचीस आणि मी "हो" म्हणायचे. ऑक्टोबरात कुणालाही न सांगता ट्रंक घेऊन एसटीत बसले.

बार्शी स्टँडवर बाबा कसे आले ते मला आजही माहीत नाही. कुणीतरी कळवलं असेल. बाबा, तुम्ही टपावरून ट्रंक उतरवून घेतलीत आणि विचारलंत, "जेवलीस का?" बस. मग रिक्षा न करता आपण चालत निघालो. ट्रंकेची एक कडी तुमच्या हातात, एक माझ्या. भगवंताच्या देवळाशी तुम्ही हात बदललात. घरी येईपर्यंत तुम्ही काही विचारलं नाही, त्या वर्षी नाही, अजूनही नाही.

आणि आई, तू दारातच काकूंना म्हणालीस, "कावीळ झालीय पोरीला."

मग ती कावीळ मला महिनाभर भोगावी लागली! तेल बंद, तूप बंद. दिवाळीत सगळे चकल्या खात होते आणि मी मऊ भात आणि फुटाणे. बाबांच्या एका विद्यार्थ्याने शेतातून उसाची मोळी आणली आणि रोज सकाळी पेला भरून रस. काकू मला त्या पाणी उतरवणाऱ्या बाईंकडे घेऊन गेल्या. त्या चुन्याच्या पाण्यात माझे हात चोळत होत्या, तू शेजारी उभी होतीस. आणि पाणी पिवळं झालं! चांगलं हळदीसारखं. काकू म्हणाल्या, "बघा, किती होती अंगात!" तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. घरी आल्यावर बाबांना सांगितलं, तर तुम्ही पहिल्यांदा हसलात आणि त्या बाईंच्या हाताला आधीच कसली तरी साल लावलेली असणार, चुन्याशी तिचा रंग उतरतो, असं फळ्यावर शिकवावं तसं समजावू लागलात. आई एवढंच म्हणाली, "पुरे."

त्या 'कावीळ'चा मला पुढे कित्येक वर्षं राग होता, आई. जूनमध्ये बी.एस्सी.ला बार्शीतच बसले, मग सोलापूर, मग नोकरी, मग इथे, तरी तो गेला नाही. मला वाटायचं, तुला माझी लाज वाटली. झालं ते सांगण्यासारखं नव्हतं म्हणून तू दुसरा आजार चिकटवलास. परवा शेजारणीसमोर ते सांगताना मात्र माझ्याच तोंडून वेगळं निघालं. मी म्हणाले, महिनाभर मला कुणी एक प्रश्न विचारला नाही. येणारे सगळे उसाबद्दल बोलायचे. मी झोपून राहिले तर कुणी हाक मारत नव्हतं. ती लाज होती की आडोसा, ते मला अजून ठरवता येत नाही. कदाचित दोन्ही असेल. तू एकदा सांगशील का?

शेजारणीला मी खोटं बोल असं सांगितलं नाही. तिच्या धर्मात ते चालत नाही, आणि तिला जमलंही नसतं. तिला फक्त स्टँडची गोष्ट सांगितली, ट्रंकेच्या दोन कड्या आणि "जेवलीस का" पर्यंतची. तिने विचारलं, "त्यानंतर त्यांनी कधी विचारलं?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "माझा नवरा रोज विचारतो." आणि कप धुऊन ठेवून गेली.

शुक्रवारी सकाळी तो मुलगा फावडं घेऊन आमच्या दाराशी आला आणि न विचारता बर्फ काढू लागला. मी कोट चढवून बाहेर गेले, तर त्याने माझा हात धरून स्वतःच्या कपाळाला लावला. मी चमकलेच. तिथे मोठ्या माणसांना असा नमस्कार करतात, त्याला 'मानो' म्हणतात, सवयीने झालं म्हणाला. बाबा, तुमच्या मुलीचे आता पाय धरत नाहीत तर हात कपाळाला लावतात, इतकी ती म्हातारी झाली! त्याला आत बोलावलं. शहरातल्या भारतीय दुकानात उसाच्या रसाचं गोठवलेलं पाकीट मिळतं, ते वितळवून लिंबू पिळून दिलं. म्हणाला, गवतासारखं लागतंय. पण पेला संपवला. इथेच राहून सेवा करायचा पर्याय त्याला दिलाय, जुन्या कपड्यांच्या दुकानात किंवा धान्य वाटण्याच्या ठिकाणी. त्याने अजून काही ठरवलेलं नाही. मीही विचारलं नाही. तुमच्या बुद्धिबळाच्या पटाचं मात्र तो विचारत होता.

आज महिन्याचा पहिला रविवार, त्यांचा उपास. दोन जेवणं सोडतात आणि वाचलेले पैसे गरिबांसाठी देतात. रस्ता अगदी शांत आहे. समोर टिंपानोगोस डोंगरावर बर्फ पडलंय आणि ऊनही आहे.

ऑपरेशनची तारीख ठरली की लगेच कळवा, त्याप्रमाणे तिकीट काढते. आई, काविळीच्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देऊ नकोस, फोनच्या कॅमेऱ्यात तू छताचा पंखाच दाखवतेस. बाबांना सांग, ते लिहून घेतील. पोस्टात टाका, उशिरा आलं तरी चालेल.

तुमची,
माई